म्याडमच्या हातचं पाणी

मी एकदा जिल्हा परिषदेच्या शाळेत, सहावीच्या भरल्या वर्गात, पाणी समजून मोहाची दारू उकळली. साधीसुधी नाही, पहिल्या धारेची. वर मुलांकडून म्हणवून घेतलं, "पाण्याला रंग नसतो, वास नसतो, चव नसते." मुलांनी म्हटलं. मुलं शहाणी होती. सगळ्या गावाला जे नाकाने कळतं ते त्यांनाही कळलं होतं, पण म्याडम म्हणते पाणी, तर पाणी. भांड्यात काय आहे हे न कळलेली त्या वर्गात एकच व्यक्ती होती आणि विज्ञान हा विषय नेमका तिच्याकडे होता. परवा नात विचारत होती, "आजी, तू लहानपणी हुशार होतीस का?" लहानपणी होते, म्हटलं. मग डी.एड. केलं.

त्या दिवसांत मी नवीकोरी आणि कच्च्या नेमणुकीवर होते. तीन वर्षं नीट वागून दाखवा, मग तुम्हाला शिक्षक म्हणू, असा तो प्रकार. नेमणूक मिळाली सालेकशाच्या पुढे, जंगलाला लागून असलेल्या एका गावात. आमचं घर गोंदिया स्टेशनच्या पलीकडच्या वस्तीत. बाबा रेल्वेत फिटर. शेजारीपाजारी सगळी हिंदी, घरात मराठी, आणि बाबांच्या तोंडी पंचशील. त्यातल्या पाचव्या शीलावर त्यांचा जोर जरा जास्तच. आमच्याकडे दारूचं नावसुद्धा घेत नसत. गल्लीतला कुणी झोकांड्या खात जाताना दिसला की आई खिडकी लावून घ्यायची आणि म्हणायची, त्याला बरं नाही. दारूचा वास कसा असतो, बाटली कशी दिसते, यातलं काहीही न शिकता मी शिक्षिका झाले. माझ्या प्रमाणपत्रावर त्याची नोंद नव्हती.

बाबा स्वतः पॅसेंजरने मला पोचवायला आले. खांद्यावर माझी पत्र्याची पेटी, हातात स्टोव्ह. हेडमास्तर बोपचे गुरुजींनी खोली बघून ठेवली होती मैनाकाकीच्या घरी, ओसरीला लागून. मैनाकाकी गोंड, विधवा, घरात एकटी. अंगाने काटक आणि बोलायला त्याहून. ती अंगण सारवत होती. बाबांनी खोली पाहिली, विहीर पाहिली, दाराची कडी वाजवून पाहिली आणि मग घसा खाकरून विचारलं, "बाई, घरात पिणंगिणं काही?" काकीने शेणाचा हात तसाच ठेवून वर पाहिलं. "पेनारा मरून गेला. दुसरा कामाले गेला. आता कोन पेते, बाप्पा?" बाबांचं समाधान झालं. जयभीम करून ते परतीच्या गाडीला गेले, आणि मी पेटीवर बसून जी रडायला लागले ती काकीने भात वाढेपर्यंत. भाताबरोबर लाखोळीची डाळ होती आणि अंबाडीची भाजी. दोन घास झाल्यावर रडणं थांबलं. काकी म्हणाली, "भूक होती तं सांगाचं असते. रडाचं कायले?"

ते घर मला आजही सगळ्यात आधी कानाने आठवतं. मागच्या बांधीवर, म्हणजे धानाच्या तुकड्यावर, एक मोहाचं झाड होतं. फागुन सरला की पहाटे त्याची फुलं पडायची. पानं पडतात तशी नाही, फळासारखी नाही. भिजल्या बोटाने कुणी जमिनीवर हळूच टिचकी मारत जावं तसा आवाज. काकी अंधारातच टोपली घेऊन जायची आणि उजाडता उजाडता ओसरीवर पिवळट, रसाळ फुलांची रास पडायची. ती वाळायची, तांबूस व्हायची, आणि सगळ्या घराला, माझ्या उशीला, वहीच्या पानांना तो गोड, जड, थोडा आंबूस वास चिकटायचा. काकी वाळलेली फुलं भाजून, तीळ घालून उखळात कुटायची आणि त्याचे लाडू करून माझ्या हातावर ठेवायची. सकाळी बासी, म्हणजे रात्रीच्या भातात पाणी घालून ठेवलेलं, सोबत कांदा आणि मिरची. आता माझ्या मुलाच्या घरी सकाळी ओट्स असतात. ते खाताना मी चेहरा चांगला ठेवते. मागे बाजारात एका डब्यावर मोहाच्या लाडवांचं चित्र पाहून मी तो डबा घेतला. लाडू मऊ होते, एकसारखे गोल होते. एक खाऊन बाकीचे वाटून टाकले.

दुसरा आवाज गाडीचा. रूळ जंगलापलीकडे, दिसायचे नाहीत, पण संध्याकाळची गोंदियाकडून येणारी पॅसेंजर आमच्या चुलीपर्यंत ऐकू यायची. तो आवाज आला की काकीचे हात थांबायचे. दाराकडे बघायची नाही. फक्त थांबायची. तिचा मुलगा सुखदेव बोअरवेलच्या गाडीवर दक्षिणेकडे कामाला गेला होता. सुरुवातीला गावातल्या कुणाच्या तरी बरोबर निरोप यायचे, मग ते बंद झाले. काकी रोज भाताला एक मूठ तांदूळ जास्त टाकायची. स्टेशनावरून माणूस पायी यायला लागतो तेवढा वेळ ती वाढायला बसायची नाही. मग उठायची, माझं ताट घ्यायची आणि त्यात तोही भात वाढायची. त्या घरात मी अंगाने भरले ती सुखदेवच्या वाटणीच्या भातावर. गोंदियाला गेले की आई म्हणायची, हवा मानवली हो तुला.

मला मात्र पाणी मानवलं नव्हतं. पहिल्याच उन्हाळ्यात विहीर तळाला गेली आणि माझं पोट बिघडलं. तेव्हापासून काकी माझ्यासाठी पाणी उकळून, फडक्यातून गाळून, रिकाम्या काचेच्या बाटल्यांत भरून आतल्या खोलीच्या फळीवर ठेवायची. गावात यावर हसायचे. "म्याडमचं पानी शिजवून रायली का?" अशी विचारणा विहिरीवर व्हायची. काकी म्हणायची, "गोंदियाचं पोट होय ते. कच्चं नाही पचत."

आता त्या वेळची मी कशी होते तेही सांगून टाकते, म्हणजे पुढचं पटेल. इस्त्रीच्या सुती साड्या, खांद्यावर पिन, पिशवीत खडूंचे रंगीत डबे आणि डोक्यात एकच गोष्ट, की या जंगलात मी विज्ञान आणणार. मोहाच्या दिवसांत अर्धा वर्ग पहाटेपासून झाडाखाली असायचा आणि शाळेत पेंगायचा, तेव्हा मी त्यांना वेळेचं महत्त्व या विषयावर भाषण द्यायचे. वर्गात माझा नियम होता: म्याडम बोलत असताना मधे कुणी बोलायचं नाही आणि म्याडमने सांगितलेलं खोडायचं नाही. मला वाटायचं याला शिस्त म्हणतात. त्यात धडा आला पदार्थांच्या अवस्थांचा. स्थायू, द्रव, वायू. आणि त्यांच्या पाठोपाठ भौतिक बदल आणि रासायनिक बदल. मी ठरवलं की पाठ करून घ्यायचा नाही, करून दाखवायचा. आदल्या संध्याकाळी काकीच्या चुलीवर रंगीत तालीम केली. पातेल्यात पाणी उकळलं, वर थंड ताट धरलं, ताटाखाली थेंब जमले, टपटप परत पातेल्यात पडले. "बघा काकी, वाफ होऊन गेलेलं पाणी परत आलं. याला म्हणतात भौतिक बदल. गेलं असं वाटतं, पण जात नाही." काकी चुलीपुढे बसून त्या ताटाकडे फार वेळ पाहत राहिली. "अखिन एक डाव कर," म्हणाली. मी पुन्हा केलं. मला वाटलं, माझं शिकवणं तिला आवडलं.

दुसऱ्या दिवशी मला सर्दी. काकी पहाटेच जंगलात गेलेली. आतल्या खोलीत अंधार, मी उशीर झालेला म्हणून घाईत. फळीवर हात फिरवला तर बाटल्या संपलेल्या. शेजारच्या कोनाड्यात एक होती. स्वच्छ, पारदर्शक, गळ्याला कसलासा पिवळा दोरा. माझ्या मनात आलं, बघा, काकीने प्रयोगासाठी वेगळी भरून ठेवली, वर ओळखू यावी म्हणून दोराही बांधला. असं माझं सगळं जगच तेव्हा माझ्या सोयीने चालत होतं. बाटली पिशवीत घातली आणि शाळेत गेले.

शाळेत गुरुजींचा चहाचा पंपाचा स्टोव्ह होता आणि विज्ञानपेटीत एक तापमापी होती. अॅल्युमिनियमच्या भांड्यात बाटली ओतली. पुढच्याच ओळीत कुंती बसायची, काकीच्या दिराची नात, घराला घर लागून. तिने बाटलीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि तोंडावर हात ठेवला. मी म्हटलं, "कुंती, हात खाली." तिने हात खाली केला.

"सांगा, पाण्याला रंग आहे?"

"नाही, म्याडम."

"वास?"

मागच्या ओळीतून देवा नावाचा एक उंचाडा पोरगा म्हणाला, "वास तं मोहाचा..."

"मोहाचा वास सगळ्या गावाला येतो आहे. माझ्या साडीलाही येतो. मी पाण्याचा विचारते."

"मंग नाही, म्याडम."

"चव?"

देवाने पुढे येऊन बोट बुडवलं, चोखलं, डोळे मिटले. "चव हाये, म्याडम."

"पाण्याला चव नसते."

"अखिन एक डाव पाहू का?"

वर्ग फिसकन हसला. मी पट्टी आपटली, देवाला जागेवर बसवलं आणि सगळ्यांकडून ते वाक्य म्हणवून घेतलं. मग स्टोव्ह पेटवला. तापमापी भांड्यात धरून एकेकाला पारा बघायला बोलावलं. पारा ऐंशीच्या आसपास जाऊन रेंगाळला आणि भांड्यात बुडबुडे उसळायला लागले. पुस्तकात होतं, पाणी शंभरला उकळतं. मी तापमापी बाजूला ठेवली आणि फळ्यावर शंभर लिहिलं. आज मी त्या मुलीला मनातल्या मनात दंडाला धरून हलवते. बये, पारा सांगतोय, मुलं सांगतायत, भांडं सांगतंय, आणि तू फळ्यावर शंभर लिहितेस.

मग ताट धरलं. थेंब जमले. "पाहा, वायूचा परत द्रव झाला." मी दाखवायला ताट तिरपं केलं, वाफ बाजूने सुटली, आणि भांड्याच्या काठावरून निळसर काहीतरी सरसरत गेलं. मला वाटलं उन्हाची तिरीप. पुढच्या क्षणी ते माझ्या तोंडापर्यंत आलं, केस जळल्याचा वास सर्दीतूनही नाकात शिरला आणि ताट हातातून सुटलं. मी नुसती उभी. दाराशी पाय पुसायला ओलं पोतं असायचं. कुंतीने ते ओढून आणलं, भांड्यावर टाकलं आणि पोत्यावर पाणी ओतलं. स्टोव्ह फुसफुसून विझला. वर्गात इतकी शांतता मला पुढे कधीच मिळाली नाही.

बोपचे गुरुजी धावत आले. त्यांनी दारातच श्वास घेतला आणि त्यांना सगळं कळलं. पोतं उचलून पाहिलं, माझा चेहरा पाहिला, मग मुलांकडे वळले.

"काय होतं भांड्यात?"

"पानी, गुरुजी," अख्खा वर्ग एका सुरात म्हणाला.

"पानी जळते का?"

शेवटी देवा म्हणाला, "म्याडमच्या हातचं जळते, गुरुजी."

गुरुजी हसले नाहीत. त्यांनी मला ऑफिसात नेलं, पाणी दिलं आणि मग सरळ बोलले. मी पाणी समजून जे उकळलं ते काय होतं हे त्यांनीच मला पहिल्यांदा सांगितलं. गेल्याच वर्षी ग्रामसभेने दारूबंदीचा ठराव केला होता. गावातलं महिला मंडळ संशय आला की घरात शिरून झडती घ्यायचं, ज्याच्या घरी सापडेल त्याला दंड, आणि चारचौघांत नाव. मुलं आज गप्प राहिली, उद्या घरी बोलतील. "मंडळ मैनाबाईच्या घरी जाणारच. तिथं मास्तरीण भाड्यानं राहाते हे तालुक्याला कळलं तर तुमची तीन वर्षं तिथंच संपतात, म्याडम. शाळेमागची सामानाची खोली रिकामी करून देतो. आज संध्याकाळीच पेटी हलवा." चांगला माणूस होता. माझ्या भल्याचंच सांगत होता. मी मान हलवली.

कुंती फाटकाशी थांबली होती. माझ्या हातात रिकामी बाटली, दोऱ्यासकट. अर्ध्या वाटेत ती म्हणाली, "म्याडम, ते सुखदेवकाकाची बाटली होती."

मग तिने सांगितलं ते असं. सुखदेव गेला त्या वर्षी जाण्याआधी मागच्या झाडाची सगळी फुलं त्यानेच वेचली होती. काकीने त्या फुलांची एकच बाटली काढली आणि हळदीचा दोरा बांधून कोनाड्यात ठेवली. त्यांच्या घरची रीत होती: लांब गेलेला माणूस परत आला की उंबऱ्यावर मोहाचे थेंब पाडायचे, घरच्या देवांना सांगायचं की आपला माणूस आला. मग त्याने आत पाऊल टाकायचं, मग जेवायचं. ती बाटली त्यासाठी होती. ठराव झाला तेव्हा काकीने घरातली बाकी भांडी मंडळापुढे आणून ठेवली होती. ही एक दिली नव्हती.

"मग वर्गात सांगितलं का नाहीस?"

कुंतीने माझ्याकडे जरा आश्चर्याने पाहिलं. "तुमीच म्हणलं पानी होय."

घरी काकी अजून आली नव्हती. आणि मी, पंचशील पाठ असलेल्या बापाची मुलगी, काय केलं असेल? बाटलीत माठातलं पाणी भरलं, बूच घट्ट लावलं, दोरा सारखा केला आणि कोनाड्यात ठेवून दिली. लांबून पाहिलं. फरक कळत नव्हता. मग खोलीत जाऊन पेटी भरायला घेतली आणि साड्यांच्या घड्या पुन्हा पुन्हा मोडून घातल्या.

काकी आली, टोपली उतरवली, माझ्याकडे पाहिलं. "भवया कोठी ठेवून आली?"

मी म्हटलं, स्टोव्ह भडकला. मग, का कोण जाणे, मी तिला दारूबंदीवर बोलायला लागले. ग्रामसभेचा ठराव, शरीरावर होणारे परिणाम, शिक्षिकेच्या घरात अशी वस्तू असणं. माझा आवाज वर्गातल्यासारखा चढला होता. काकी ओसरीवर फुलं पसरत होती, तिने पसरणं थांबवलं नाही. मी दमले तेव्हा म्हणाली, "अन् पेटी काऊन भरून रायली?"

तेव्हा मात्र मी खाली बसले आणि सांगितलं. वर्ग, भांडं, ताट, निळी ज्योत, गुरुजी, सामानाची खोली, कोनाड्यातलं माठाचं पाणी, सगळं. सांगून झालं तरी ती फुलांकडेच बघत होती. मग उठली, आत गेली, बाटली घेऊन आली, बूच काढून हुंगली आणि पुन्हा लावलं.

"तू तं म्हणत होती, ताट धरलं का वापस येते."

"ते पाण्याचं, काकी. वाफ झालेलं परत येतं. हे जळलं. हा वेगळा बदल असतो, यात मूळ पदार्थ..." पुस्तकातलं वाक्य तोंडात आलं होतं, माझं मलाच ऐकू आलं आणि मी थांबले. "जळलेलं येत नाही."

"राख बी नाही?"

"नाही. हे जळलं की राखही राहत नाही."

ती बाटली मांडीवर घेऊन बसली. मी म्हटलं, आता मोहाचेच दिवस आहेत, आपण दुसरी करू, मी मदत करते, गुरुजींना कळू देणार नाही. आत्ताच तिला दारूबंदी शिकवली होती मी. काकी म्हणाली, "या सालचा मोहा म्या येचला. तो त्यानं येचला होता."

तेवढ्यात पॅसेंजर गेली. रोज तिचे हात थांबायचे, आज ते थांबलेलेच होते. गाडीचा आवाज जंगलात विरेपर्यंत आम्ही दोघी ओसरीवर होतो, आणि मला पहिल्यांदा कळलं की त्या आवाजात आशा किती असते आणि ती संपायला किती वेळ लागतो. त्या वेळेपर्यंत मी घरच्या आठवणीने रडायचे, आईच्या हातच्या पोळीसाठी, गोंदियाच्या गोंगाटासाठी, आणि मला वाटायचं वाट बघणं म्हणजे हेच. माझ्या वाट बघण्याचा शेवट मला ठाऊक होता. शनिवारी घरी जायची गाडी होती. काकीच्या वाट बघण्याला शनिवार नव्हता.

पुढचं आधी सांगून टाकते. महिला मंडळ आलं, चौथ्या दिवशी की पाचव्या, आठवत नाही. दहा-बारा बायका, पुढे सरपंचाची सून. त्यांनी कणगीत हात घातले, माळा पाहिला, कोनाड्यातली बाटली काढली. एकीने हुंगली, दुसरीने हुंगली, तिसरीने जिभेला लावली. "पानी होय," म्हणाली, जरा नाराजीनेच. काकी म्हणाली, "म्याडमचं होय. शिजवेल आहे. पेतेस का?" गुरुजींना हे कळलं तेव्हा ते पहिल्यांदा हसले, आणि सामानाच्या खोलीचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. वर्गात मी भौतिक आणि रासायनिक बदल पुन्हा शिकवले, या वेळी मेणबत्ती घेऊन, आणि म्याडमला खोडायचं नाही हा नियम मोडीत काढला. देवाने त्याचा इतका वापर केला की वर्षाअखेरीस मला पश्चात्ताप झाला.

मी त्या घरात माझी सडक अर्जुनीला बदली होईपर्यंत राहिले. भुवया उगवल्या, डाव्या बाजूची अजून जरा विरळ आहे, नात त्यावर पेन्सिल फिरवते. दर पहाटे फुलं पडताना ऐकली. कितीतरी संध्याकाळी आम्ही दोघी गाडी गेल्यावर ओसरीवर बसलो, मग मी ताट पुढे केलं आणि काकीने त्यात भात वाढला. सुखदेव आला नाही. बदलीनंतर मी जमेल तेव्हा जात राहिले. एकदा गेले तर ओसरीवर कुंती बसली होती, तिच्या कडेवर मूल, आणि काकी गेल्याचं तिने मान हलवूनच सांगितलं. मागचं झाड आहे. महामार्गाच्या गावात आयुष्य काढलं, रात्रंदिवस ट्रक ऐकले, पण झोप लागायच्या आधी मला अजून तो भिजल्या बोटाच्या टिचकीचा आवाज हवा असतो आणि तो येत नाही. काही आवाज कानात साठत नाहीत, त्यांच्याजवळ जाऊन राहावं लागतं.

राहिले ती का, एवढंच सांगायचं उरलं. त्या संध्याकाळी गाडी गेल्यावर मी उठले, पेटीला कडी लावली, दोरी बांधली आणि ती ओढत ओसरीपर्यंत आणली. काकीच्या पाया पडायला वाकले. म्हटलं, सुखदेवदादा आले तर त्यांना सांगा, माझ्याकडून चूक झाली. काकीने मांडीवरची बाटली बाजूला ठेवली, पेटीची दोरी माझ्या हातातून काढून घेतली आणि गाठ सोडत म्हणाली, "मी कायले सांगू? जाळली तू, तं सांगजो बी तूच. तो येईस्तोर येथंच राय."